लहान मुलांच्या ट्रॉमा नोंदी: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

सात महिन्यांचं बाळ. केसपेपरवर एकच ओळ होती: ‘पलंगावरून पडले, दोनदा उलटी, जीसीएस १५.’ (जीसीएस म्हणजे शुद्धीचा गुण; १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर.) शेजारी श्वास मिनिटाला ४४ आणि वरचा रक्तदाब ८५. मी हे आकडे नेमून दिलेल्या रकान्यांत भरले, बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरने बाळाची तब्येत बिघडलेली असल्याचा गुण दाखवला. बाळ तेव्हा आईच्या मांडीवर बसून तिच्या ओढणीचं टोक चोखत होतं आणि दुसऱ्या दिवशी ते घरीही गेलं. आकडे मी बरोबर भरले होते. सॉफ्टवेअरमधली मोजपट्टी मोठ्या माणसांची होती.

तेव्हापासून हे काम करणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. मुलाचं वय कळल्याशिवाय त्याचा कुठलाही आकडा वाचू नका. श्वास, नाडी, रक्तदाब, भाजल्याची टक्केवारी, मेंदूतल्या रक्तस्रावाचा आकार, या सगळ्याचा अर्थ वयावर ठरतो. खालच्या पायऱ्या त्याच धाग्याने बांधल्या आहेत. तुम्ही डेटा एंट्रीतून आला असाल, नर्सिंगमधून किंवा मेडिकल रेकॉर्ड विभागातून, तिन्ही वाटांनी आलेल्या माणसांना त्या उपयोगी पडाव्यात.

ट्रॉमा रजिस्ट्री म्हणजे काय, तेही दोन वाक्यांत सांगते. जखमी होऊन आलेल्या प्रत्येक मुलाची, अपघाताच्या जागेपासून घरी जाईपर्यंतची, ठरलेल्या रकान्यांतली नोंद म्हणजे रजिस्ट्री. संगणकावर ठेवलेली पहिली अशी रजिस्ट्री शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये १९६९ साली सुरू झाली. तेव्हापासून आजवर प्रश्न तेच आहेत: कोण जखमी झालं, कशामुळे, किती गंभीर, उपचार किती वेळात मिळाले आणि शेवटी काय झालं.

१. कामाला बसण्याआधी जवळ काय हवं

सगळ्यात आधी डेटा डिक्शनरी मागून घ्या. प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यात लिहिलेला असतो. ‘रुग्णालयात आल्याची वेळ’ म्हणजे फाटकातून आत आल्याची, केसपेपर काढल्याची की डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासल्याची? तिघांनी तीन अर्थ लावले तर वर्षअखेरीस आलेली सरासरी कुणाच्याच कामाची राहत नाही. तुमच्याकडे डिक्शनरीच नसेल तर नव्याने रकाने शोधत बसू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची नॅशनल ट्रॉमा डेटा स्टँडर्ड ही डिक्शनरी दरवर्षी नव्याने निघते. ती समोर ठेवून आपल्याला झेपतील तेवढे रकाने निवडा.

एका मुलाची नोंद पूर्ण करायला साधारण एवढे कागद लागतात:

- रुग्णवाहिकेचा कागद (बहुतेक वेळा कार्बन कॉपी, तीही पुसट, आल्याच दिवशी वाचून घ्या)
- कॅज्युअल्टीचा केसपेपर आणि सिस्टरांचा चार्ट
- दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलं असेल तर तिथली रेफरची चिठ्ठी आणि रिपोर्ट
- एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी यांचे अंतिम रिपोर्ट
- ऑपरेशन नोट आणि भुलीचा चार्ट
- आयसीयूचा रोजचा चार्ट
- समाजसेवा विभागाची टिपणं
- डिस्चार्ज कार्ड. मूल दगावलं असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल

टेबलावर चार गोष्टी कायम असू द्या: एआयएसची (जखमांची तीव्रता मोजायच्या पट्टीची) कोडिंग डिक्शनरी, आयसीडीची (आजार आणि दुखापतींच्या कारणांच्या कोडची) यादी, वयानुसार नाडी-श्वास-रक्तदाबाचा तक्ता आणि भाजलेल्या मुलांसाठी लंड-ब्राउडर तक्ता. सॉफ्टवेअर विकत घेणं शक्य नसेल तर व्हँडरबिल्ट विद्यापीठात तयार झालेलं रेडकॅप आहे. ना-नफा संस्थांना ते सभासद झाल्यावर मोफत मिळतं. एक्सेलवर सुरुवात करावी लागली तर करा, पण कोडचे आणि तारखांचे रकाने आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवा. नाहीतर एक्सेल कोडच्या सुरुवातीची शून्यं गाळतं आणि तीन डिसेंबरचा बारा मार्च कधी झाला ते कळतही नाही.

२. कोणतं मूल नोंदीत घ्यायचं

नियम डिक्शनरीत असतो. साधारणपणे जखमेचं निदान आणि त्यासोबत दाखल होणं, रेफर होणं किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी. नुसतं खरचटून घरी गेलेलं मूल बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. बुडणं, विषबाधा, गिळलेलं नाणं यांचं काय करायचं ते मात्र आधी लेखी ठरवा. हे मधेच बदललं तर ‘या वर्षी केसेस वाढल्या’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

नियम समजणं सोपं असतं, मूल सापडणं अवघड. फक्त दाखल रुग्णांच्या यादीवर विसंबलात तर नेमकी महत्त्वाची मुलं सुटतात. कॅज्युअल्टीतच दगावलेलं मूल दाखल झालेलंच नसतं. दुसरीकडून थेट आयसीयूत आलेल्या मुलाचा कॅज्युअल्टीचा केसपेपरच नसतो. आणि सगळ्यात सहज निसटतं ते ‘झटके’ किंवा ‘सततच्या उलट्या’ म्हणून बालरोग वॉर्डात दाखल झालेलं तान्हं बाळ, ज्याच्या डोक्यात रक्तस्राव असल्याचं तिसऱ्या दिवशी सीटीत दिसतं. त्याच्या पहिल्या कागदावर ‘दुखापत’ हा शब्द कुठेच नसतो.

म्हणून रोज सकाळी पाच ठिकाणी नजर टाका: कॅज्युअल्टीचं रजिस्टर, आयसीयूची यादी, ऑपरेशन थिएटरची यादी, डोक्याच्या सीटींची यादी आणि मृत्यूंची नोंदवही. पाचही चाळायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कुठल्याही कामासाठी सोडू नका.

३. ओळख, वय आणि वजन

मुलांच्या रुग्णालयात नाव ही सर्वांत कच्ची खूण असते. बाळाचं नाव ठेवलेलं नसतं, म्हणून कागदावर आईच्या नावाने ‘अमुकचं बाळ’ लिहितात. महिन्याभराने तेच मूल फॉलोअपला खऱ्या नावाने येतं आणि रजिस्ट्रीत एकाची दोन मुलं होतात. जुळी असतील तर उलट होतं आणि दोघांची नोंद एकात मिसळते. बेवारस किंवा बेशुद्ध आलेल्या मुलाला तात्पुरता नंबर दिला असेल, तर खरी ओळख पटल्यावर तो जुना नंबर पुसू नका. दोन्ही नंबर एकमेकांना जोडून ठेवा, कारण पहिल्या दोन तासांचे सगळे रिपोर्ट जुन्या नंबरवर निघालेले असतात.

वय नेहमी जन्मतारखेवरून काढा आणि एकक लिहा. ‘वय ८’ म्हणजे आठ दिवस, आठ महिने की आठ वर्षं? मी तिन्ही पाहिले आहेत. जन्मतारीख मिळाली नाही तर अंदाजे वय लिहा, पण ते अंदाजे असल्याचा वेगळा रकाना भरा. एक जानेवारी ही तारीख दिसली की थबका; ती बऱ्याचदा कुणीतरी रकाना भरायचा म्हणून टाकलेली असते.

वजन किलोतच हवं आणि ते कसं मिळालं तेही हवं: काट्यावर केलं, पालकांनी सांगितलं, लांबी मोजायच्या रंगीत पट्टीवरून काढलं की सूत्रावरून. मुलांची औषधं आणि सलाईन वजनावर ठरतात. पुढे कधी ‘रक्त पुरेसं दिलं होतं का’ हा प्रश्न निघाला तर उत्तर याच रकान्यात असतं.

४. वेळा जुळवा

अपघात, रुग्णवाहिका, आगमन, पहिली तपासणी, सीटी, थिएटर, आयसीयू. एवढ्या वेळा ओळीने लावल्या की गोष्ट आपोआप उभी राहते, आणि चूकही. सीटी आगमनाच्या आधी झालेला दिसला तर एक तर तो दुसऱ्या रुग्णालयातला असतो, नाहीतर घड्याळं जुळत नसतात. आमच्याकडे एकदा सीटी मशीनचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. मी फिल्मच्या कोपऱ्यातली वेळ सहा आठवडे तशीच उतरवत होते. आता दर महिन्याच्या पहिल्या दिवशी कॅज्युअल्टी, सीटी आणि थिएटरची घड्याळं मी स्वतः जाऊन पाहते.

चोवीस तासांचं घड्याळच वापरा. ‘रात्री १२’ दिसलं तर तारीख कोणती ते सिस्टरांना विचारल्याशिवाय लिहू नका. आणि ००:०० ही वेळ सॉफ्टवेअरने स्वतःहून भरलेली नाही ना, ते पाहा.

५. पहिल्या तपासणीचे आकडे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडला. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. तो मोठ्यांसाठी बनला होता. ‘आपण कुठे आहोत ते नीट सांगतो का’ हा प्रश्न सात महिन्यांच्या बाळाला कसा विचारणार? म्हणून न बोलणाऱ्या मुलांसाठी बोलण्याचा भाग बदललेला आहे:

- ५: हुंकार देतं, बडबडतं
- ४: चिडचिडं, न थांबणारं रडणं
- ३: दुखवलं तर रडतं
- २: दुखवलं तर कण्हतं
- १: आवाज नाही

हालचालीचे शब्दही बदलतात: स्वतःहून हातपाय हलवत असेल तर ६, स्पर्श केल्यावर अंग काढून घेत असेल तर ५. कोणता तक्ता वापरला तो रकाना तुमच्या रजिस्ट्रीत नसेल तर भांडून करून घ्या.

तीन भाग वेगवेगळे लिहा. नुसता ‘१०’ लिहिला तर त्यातून काहीच परत मिळत नाही. घशात नळी असेल तर बोलण्याचा भाग मोजताच येत नाही, त्याची खूण ‘टी’ अशी करतात. भुलीचं किंवा झोपेचं औषध दिलं होतं का तेही नोंदवा. नळी असलेल्या मुलाचा ३ आणि खोल बेशुद्धीतल्या मुलाचा ३ एकाच रांगेत बसवले तर पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं.

एक सापळा मी अनेकदा पाहिला आहे. केसपेपरवर जीसीएस नाही, मूल ‘शुद्धीवर’ असं लिहिलंय, म्हणून भरणारा १५ टाकतो. टाकू नका. एकदा मी कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांना विचारलं, “सिस्टर, या मुलाचा जीसीएस कुठेच नाही, १५ धरू का?” त्या म्हणाल्या, “अगं, ते डोळे उघडत होतं, पण हाक मारली तरच. शुद्धीवर म्हणजे १५ नव्हे.” एका मिनिटाच्या त्या बोलण्याने माझी सवय मोडली. आता कागदावर नसेल तर मी ‘नोंद नाही’ लिहिते आणि सिस्टरांना पुढच्या वेळी तीन आकडे लिहायची विनंती करते.

आता त्या सात महिन्यांच्या बाळाकडे येऊ. आमचं सॉफ्टवेअर रिवाइज्ड ट्रॉमा स्कोअर, म्हणजे आरटीएस, काढत होतं. चॅम्पियन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दिलेला हा गुण जीसीएस, वरचा रक्तदाब आणि श्वास यांना ० ते ४ असे गुण देतो. मग त्यांना अनुक्रमे ०.९३६८, ०.७३२६ आणि ०.२९०८ ने गुणून बेरीज करतो. सगळं ठीक असेल तर ७.८४०८ येतात. पण पूर्ण ४ मिळायला श्वास १० ते २९ आणि रक्तदाब ८९ च्या वर हवा. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला ३० च्या वर असणं स्वाभाविक आहे आणि रक्तदाब ८५ हाही त्या वयाला साजेसा आहे. तरी दोन्हीकडे ३-३ च मिळाले आणि बेरीज ६.८२ वर आली. मांडीवर खेळणारं बाळ आकड्यांत आजारी ठरलं.

हे फक्त एका नोंदीपुरतं राहत नाही. याच गुणांवरून जगण्याची शक्यता काढतात. तान्ह्या बाळांची शक्यता मुळातच कमी दाखवली गेली, की ‘अपेक्षा नसताना वाचलेली मुलं’ या यादीत धडधाकट बाळं भरतात आणि उपचारातली खरी चूक त्या गर्दीत दिसेनाशी होते. आमच्या अशा यादीत एक वर्षाखालची मुलं इतकी का, हा प्रश्न मला पडायला सहा महिने लागले. तेवढ्या काळात त्या यादीवर दोन बैठका झाल्या होत्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून कच्चे आकडे नेहमी जतन करा आणि गुण हा त्यांच्यावरून काढलेला वेगळा रकाना ठेवा. सोबत टेपास यांचा १९८७ चा पीडियाट्रिक ट्रॉमा स्कोअर भरा. त्यात वजन, श्वासमार्ग, वरचा रक्तदाब, शुद्ध, उघडी जखम आणि हाडं असे सहा भाग आहेत, प्रत्येकाला +२, +१ किंवा −१. एकूण −६ ते +१२. ८ किंवा त्याखाली आलं तर धोका जास्त. २० किलोवरच्या मुलाला वजनाचे +२, १० किलोखालच्याला −१, म्हणजे लहानपण त्यात आधीच धरलेलं आहे. आणि ट्रिस ही जगण्याची शक्यता काढायची पद्धत वापरत असाल तर लक्षात असू द्या: १५ वर्षांखालच्या मुलांना, जखम धारदार वस्तूची असली तरी, मुक्या माराचेच गुणांक लावतात.

रक्तदाबाबद्दल आणखी एक. मुलांचं शरीर रक्त गेलं तरी नाडी वाढवून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं आणि मग तो एकदम कोसळतो. एक ते दहा वर्षांच्या मुलात ७० अधिक वयाची दुप्पट, याच्या खाली वरचा रक्तदाब गेला तर तो कमी समजतात. सहा वर्षांच्या मुलाला ही रेषा ८२ वर येते. ‘९० खाली म्हणजे शॉक’ हा मोठ्यांचा नियम सॉफ्टवेअरमध्ये दडलेला नाही ना, ते तपासा. नाडीचा रकाना रिकामा सोडू नका; मुलांत पहिली खबर तीच देते.

६. दुखापत कशी झाली

‘पडले’ एवढ्यावर थांबलात तर आयसीडी-१० मध्ये डब्ल्यू१९ लागतो, म्हणजे कारण न सांगितलेलं पडणं. त्यातून पुढे एकही मूल वाचणार नाही. त्याच यादीत पलंगावरून पडणं डब्ल्यू०६, जिन्यावरून डब्ल्यू१०, इमारतीवरून डब्ल्यू१३, खेळाच्या मैदानातल्या साधनावरून डब्ल्यू०९ असे वेगळे कोड आहेत. कुणाच्या तरी हातातून किंवा कडेवरून पडलेल्या बाळासाठी तर खास डब्ल्यू०४ आहे. किती उंचीवरून, कशावर, कुणी पाहिलं, हेल्मेट किंवा बाळाची गाडीतली सीट होती का, हे चार प्रश्न विचारण्याची सवय कॅज्युअल्टीला लावा.

कोडसोबत दोन ओळींची हकीकत लिहायचा मोकळा रकाना ठेवा आणि सांगणाऱ्याचे शब्द होते तसे उतरवा. कोणी सांगितलं आणि कधी, तेही. इथे मी गंभीरपणे सांगते: काही मुलं मारामुळे येतात. अजून कूस बदलू न लागलेलं बाळ ‘लोळत जाऊन पडलं’ असं सांगितलं जातं. संध्याकाळी एक कारण असतं, सकाळी दुसरं. तुम्ही तुमच्या शब्दांत सारांश लिहिलात तर हा बदल कायमचा पुसला जातो.

संशय, यंत्रणेला कळवलं, चौकशीत सिद्ध झालं, हे तीन वेगळे रकाने आहेत. डॉक्टरांनी नुसता संशय लिहिला असताना तुम्ही सिद्ध झाल्याचा कोड लावू नका; उलट, संकोचाने संशयाचा रकाना रिकामाही ठेवू नका. हेतू ठरत नसेल तर आयसीडीत त्यासाठी वाय१० ते वाय३४ हा भाग आहे. दोन वर्षांखालच्या संशयित मुलात सगळ्या हाडांचे एक्स-रे काढले का आणि मूल घरी जाताना कुणाच्या ताब्यात दिलं, हेही नोंदवा. आणि नोंद करताना तेच मूल याआधी दोनदा हाड मोडून आल्याचं तुम्हाला दिसलं, तर फाइल बंद करून पुढे जाऊ नका. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा बालसंरक्षण पथकाला जाऊन सांगा. जुन्या आणि नव्या फाइली एकत्र पाहणारं कधीकधी रुग्णालयात फक्त आपणच असतो.

७. एआयएस कोड आणि आयएसएस

एआयएस म्हणजे ॲब्रिव्हिएटेड इंज्युरी स्केल, पहिल्यांदा १९७१ साली आलं. असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ ऑटोमोटिव्ह मेडिसिन ही संस्था ते सांभाळते आणि तिचा कोर्स केल्याशिवाय एकट्याने कोडिंग करू नये असं माझं ठाम मत आहे. टिंबाआधी सहा आकडे जखमेची जागा आणि प्रकार सांगतात, टिंबानंतरचा एक आकडा तीव्रता: १ किरकोळ, ६ सहसा जीव न वाचणारी. टिंबानंतर ९ दिसला तर ती तीव्रता नव्हे, ‘माहीत नाही’. कुठली आवृत्ती वापरली ते प्रत्येक नोंदीत हवं. २००५ ची, तिची २००८ ची सुधारणा आणि २०१५ ची यांचे कोड एकमेकांत मिसळू नका.

‘शक्यता आहे’, ‘संशय आहे’, ‘नाही ना ते पाहा’ असं लिहिलेल्या जखमेला कोड लागत नाही. पुरावा अंतिम रिपोर्ट, ऑपरेशन नोट किंवा शवविच्छेदनाचा हवा. रात्री निवासी डॉक्टरांनी वाचलेला सीटी आणि सकाळचा अंतिम रिपोर्ट यांत फरक पडतो, म्हणून थांबा. मुलांसाठी मर्यादाही वेगळ्या असतात: कवटीखालच्या रक्तस्रावाला मोठ्यांमध्ये ५० मिलिलीटरची रेषा आहे, तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांत २५ ची. रेडिओलॉजिस्टने आकार लिहिला नसेल तर फोन करून विचारा.

आता आयएसएस, म्हणजे इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर, सगळ्या जखमा मिळून दुखापत किती गंभीर ते सांगणारा एक आकडा. सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली दिलेली ही पद्धत शरीराचे सहा भाग धरते: डोकं-मान, चेहरा, छाती, पोट, हातपाय-कंबरेचं हाड, त्वचा. तीन सर्वांत जखमी भागांमधला प्रत्येकी एकच, सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, वर्ग करायचा आणि बेरीज करायची. समजा, मुलाला डोक्यात ४, मांडीच्या हाडाला ३, त्याच पायाच्या नडगीला २ आणि प्लीहेला २. नडगी मांडीच्याच भागात येते, म्हणून ती गळते. १६ + ९ + ४ = २९. १५ च्या वर गेलं की गंभीर दुखापत धरतात, कमाल ७५, आणि कुठेही एक ६ आला की थेट ७५.

नव्या माणसाचा पाय इथे घसरतो: मणका हा आयएसएसचा वेगळा भाग नाही. मानेचा मणका डोकं-मान यात, पाठीचा छातीत, कंबरेचा पोटात जातो. एआयएसच्या पहिल्या आकड्यावरून भाग ठरवलात तर चुकाल.

एक साधी चाळणी मला फार उपयोगी पडली. तीन वर्गांच्या बेरजेतून ७, १५, २३, २८ आणि ३१ हे आकडे कधीच येऊ शकत नाहीत. रकान्यात यांपैकी एक जरी दिसला तर कुणीतरी हाताने बेरीज केली आहे किंवा चौथी जखम मिळवली आहे.

८. भाजलेली मुलं

शरीराचे भाग नऊ-नऊ टक्क्यांच्या हिशेबाने मोजणारा मोठ्यांचा ‘नऊचा नियम’ इथे चालत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, साधारण १८ टक्के, आणि पाय लहान असतात. लंड आणि ब्राउडर यांच्या १९४४ च्या तक्त्यात वयानुसार टक्केवारी आहे, तोच वापरा. नुसती लाली टक्केवारीत धरत नाहीत. एक्स१० ते एक्स१९ या कोडमध्ये गरम पेय, नळाचं गरम पाणी, इतर गरम द्रव असे भेद आहेत, ते पाळा.

९. रिकामा रकाना

रिकाम्या रकान्याला तीन कारणं असू शकतात: लागू नाही, कागदावर नोंद नाही, अजून भरायचं आहे. तिघांना वेगळ्या खुणा द्या. हेल्मेटचा रकाना जिन्यावरून पडलेल्या मुलाला ‘लागू नाही’, सायकलवरून पडलेल्याच्या कागदावर काही लिहिलं नसेल तर ‘नोंद नाही’, आणि दोन्हींत ‘नव्हतं’ लिहिणं ही सरळ चूक आहे. शून्याने रिकामी जागा कधीच भरू नका. नाडी शून्य म्हणजे हृदय थांबलेलं मूल.

१०. तपासणी आणि नोंद बंद करणं

डिस्चार्जनंतर ६० दिवसांत किमान ८० टक्के नोंदी बंद झाल्या पाहिजेत, हा अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा दंडक कुठेही उद्दिष्ट म्हणून चांगला आहे. त्याहून उशीर झाला की विचारायला गेलात तरी कुणाला आठवत नाही. दर महिन्याला पाच ते दहा टक्के फाइली दुसऱ्या सहकाऱ्याने पहिली नोंद न पाहता पुन्हा भराव्यात आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहावा. जिथे वारंवार फरक पडतो तिथे बहुतेकदा डिक्शनरीतलं वाक्य संदिग्ध असतं. ते वाक्य दुरुस्त करा, तारीख टाका आणि सगळ्यांना कळवा.

११. गोपनीयता

मुलांच्या बाबतीत नाव काढून टाकणं पुरेसं नसतं. ‘चार वर्षांची मुलगी, लिफ्टमध्ये हात अडकला’ एवढं वाचून ओळखीचे लोक ओळखतात. तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी मुलं येत असतील तर वयोगट किंवा कारणं एकत्र करा. जन्मतारखेऐवजी वय द्या. केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका आणि कुणी पाठवला तर पुसून टाकायला सांगा, कितीही घाई असली तरी. मारहाणीच्या संशयाचे रकाने कोणाला उघडता येतात याची यादी लेखी हवी आणि कोणी कधी उघडले त्याची नोंद सॉफ्टवेअरने ठेवायला हवी. यादी मागणारा ओळखीचा डॉक्टर असला तरी लेखी अर्ज घ्या: कशासाठी, कोणते रकाने, किती काळ. मागितलेल्यापेक्षा एक रकानाही जास्त देऊ नका.

१२. पहिला महिना

पहिल्या आठवड्यात काहीच भरू नका. बंद झालेल्या दहा फाइली घ्या, प्रत्येक रकान्याचं उत्तर कागदावर कुठे आहे ते बोटाने शोधा. एक पूर्ण दिवस कॅज्युअल्टीत उभं राहून काढा, जमलं तर रात्रपाळीचा. कोणता कागद कोण, कधी आणि किती घाईत भरतं ते एकदा पाहिलं की पुढे कुणावर चिडायला होत नाही आणि नेमकं काय मागायचं तेही कळतं. दुसऱ्या आठवड्यात सोप्या नोंदी: एकच हाड मोडलेलं, एकच दिवस दाखल. डोक्याच्या दुखापती आणि आयसीयूतली मुलं तिसऱ्यानंतर. मारहाणीचा संशय असलेली फाइल पहिल्या महिन्यात एकट्याने बंद करू नका, जुन्या सहकाऱ्याला शेजारी बसवा.